गिफ्ट, डोस आणि विष

जर्मनीत उंदीर मारण्याच्या औषधाच्या डब्यावर किंवा रसायनांच्या पिंपावर कवटीच्या चित्रासोबत ‘गिफ्ट’ असा शब्द छापलेला दिसतो. इंग्रजी जाणणाऱ्याला तो वाचून हसू येईल, पण त्या डब्यात भेटवस्तू नसते. जर्मन भाषेत ‘गिफ्ट’ म्हणजे विष. वाढदिवसाला देतात ते ‘गेशेंक’.

शब्द मात्र एकच आहे. इंग्रजीतील ‘गिव्ह’ आणि जर्मनमधील ‘गेबेन’, म्हणजे देणे, या सख्ख्या क्रियापदांपासून तो बनला. ‘जे दिले ते गिफ्ट’ हा मूळ अर्थ जुन्या जर्मनमध्येही होता. त्याची खूण आजही शिल्लक आहे. हुंड्याला जर्मनमध्ये ‘मिटगिफ्ट’ म्हणतात, म्हणजे मुलीसोबत दिलेले. डच भाषेने दोन्ही अर्थ वाटून घेतले. तिथे ‘गिफ्ट’ ही देणगी आणि ‘गिफ’ किंवा ‘फरगिफ’ हे विष. स्वीडिश भाषेत तर गंमतच आहे. ‘गिफ्ट’ म्हणजे विष आणि ‘गिफ्ट’ म्हणजेच विवाहित! यावरचे विनोद तिथे प्रत्येक लग्नात होत असणार. पण त्यामागचा विचार आपल्याला परका नाही. आपणही ‘थोरली मुलगी साताऱ्याला दिली’ असेच म्हणतो.

आता ‘दिलेले’ या साध्या शब्दात विष कसे शिरले? त्याची वाट वैद्यकातून जाते. ग्रीक भाषेत ‘डोसिस’ म्हणजे देणे. संस्कृतातील ‘दान’ त्याच धातूच्या कुळातले. रुग्णाला एका वेळी जेवढे औषध द्यायचे त्या मापाला ग्रीक वैद्य ‘डोसिस’ म्हणू लागले, तो शब्द लॅटिनमध्ये गेला आणि तिथून सगळ्या युरोपात. आपल्या घरातला ‘डोस’ तोच. जर्मन भाषकांनी ‘डोसिस’चा शब्दशः अनुवाद केला, ‘गिफ्ट’. पुढे विषाचे नाव थेट न घेता ‘त्याला काही दिले’ असे सूचकपणे म्हणण्यासाठी तोच शब्द वापरात आला, आणि हळूहळू विष हाच त्याचा अर्थ उरला. मराठीत ‘त्याला काहीतरी खायला घातले’ असे कुजबुजतात, तोच हा प्रकार.

इतर भाषांत पाहिले तरी औषध आणि विष एकाच घरातून बाहेर पडताना दिसतात. ‘पॉयझन’ हा फ्रेंच आणि इंग्रजी शब्द लॅटिन ‘पोशियो’पासून आला, म्हणजे पेय. औषधी काढ्यासाठी असलेला ‘पोशन’ हा त्याचा जुळा भाऊ. ग्रीक ‘फार्माकॉन’ औषधही होते आणि विषही. आजच्या ग्रीकमध्ये ‘फार्माको’ म्हणजे औषध, ‘फार्माकी’ म्हणजे विष. फरक एका स्वराचा. ‘टॉक्सिक’मध्ये तर मुळात विष नाहीच, ‘टॉक्सॉन’ म्हणजे धनुष्य. बाणाला लावायच्या ‘फार्माकॉन’ला धनुष्यावरून विशेषण मिळाले आणि पुढे विशेषणच उरले. लॅटिन ‘व्हायरस’चा जुना अर्थ विष, आणि तो संस्कृत ‘विष’चा नातलग. त्यामुळे व्हायरसला ‘विषाणू’ हा मराठी प्रतिशब्द अगदी नेमका बसला.

रोमन लोकांना या गोंधळाची जाणीव होती. दुसऱ्या शतकातील कायदेपंडित गायस याने नोंदवले आहे की ‘व्हेनेनम’ हा शब्द वापरणाऱ्याने ते चांगले की वाईट हे सांगितलेच पाहिजे, कारण औषधेही ‘व्हेनेनम’च असतात. खटला उभा राहिला की असा शब्द मोघम ठेवून चालत नाही.

सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने हाच धागा शास्त्राच्या भाषेत मांडला. बाझेलच्या विद्यापीठात लॅटिनऐवजी जर्मनमध्ये व्याख्याने देणारा हा भांडखोर गृहस्थ. पारा, गंधक अशी द्रव्ये औषध म्हणून देतो, म्हणजे विष पाजतो, असा त्याच्यावर आरोप होता. १५३८ मध्ये लिहिलेल्या उत्तरात त्याचे म्हणणे असे की, विष नाही अशी वस्तूच नाही. ती विष ठरणार की नाही ते मात्रा ठरवते. त्याने वापरलेले दोन्ही शब्द, ‘गिफ्ट’ आणि ‘डोसिस’, एकमेकांचे भाषांतर होते! त्याची पाऱ्याची औषधे आज कोणी घेऊ नयेत, पण हे वाक्य विषशास्त्राचा पाया मानले जाते.

त्याचे पुरावे रोजच्या प्रिस्क्रिप्शनवर असतात. रक्त गोठू नये म्हणून हृदयरोग्यांना दिले जाणारे वॉरफरिन १९४८ मध्ये बाजारात आले ते उंदीर मारण्यासाठी. माणसांसाठी त्याला मान्यता मिळाली १९५४ मध्ये. म्हणूनच ते घेणाऱ्यांना ‘आयएनआर’ची रक्ततपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

पण या औषधांची भीती असल्याने लोक जपून तरी वागतात. ज्याची भीती वाटत नाही ते जास्त फसवते, आणि त्यात पहिले नाव पॅरासिटामॉलचे. ठरल्या मात्रेत ते अतिशय सुरक्षित. यकृतात त्याचे विघटन होताना थोडा विषारी घटक तयार होतो आणि ग्लुटाथायोन त्याला निकामी करते. मात्रा फार वाढली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. पहिल्या दिवशी रुग्ण बऱ्याचदा ठीकठाक दिसतो, हीच खरी अडचण. अॅसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सर्वात परिणामकारक असतो, आणि ते आठ तास ‘बघू, काही होत नाहीये’ म्हणण्यात निघून जातात.

लहान मुलांच्या बाबतीत गफलत आणखी सोपी आहे. आपल्याकडे या औषधाच्या ड्रॉप्समध्ये साधारणपणे एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते. नेहमीच्या सिरपमध्ये तेवढ्याच मापात जेमतेम २५. दहा किलो वजनाच्या बाळाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरतात, म्हणजे ड्रॉप्स एक ते दीड मिलिलिटर किंवा असे सिरप चार ते सहा मिलिलिटर. सिरप समजून ड्रॉप्सचा पाच मिलिलिटरचा चमचा भरून दिला तर मोठ्या माणसाची ५०० ची आख्खी गोळी बाळाच्या पोटात जाते. त्यातच सर्दीच्या बऱ्याच मिश्रणांत पॅरासिटामॉल आधीच घातलेले असते. तेव्हा बाटलीवरचे प्रमाण वाचावे, सोबतचा ड्रॉपर किंवा मापाचे झाकणच वापरावे, दोन डोसांत किमान चार तासांचे अंतर ठेवावे. सकाळी आजीने आणि दुपारी आईने दिलेला डोस कागदावर वेळेसह लिहून फ्रिजवर चिकटवला तर उत्तमच.

डोस चुकलाच तर उलटी करवण्याच्या खटपटीत पडू नये. बाटली बरोबर घेऊन लगेच रुग्णालय गाठावे. तिथे पहिले प्रश्न ठरलेले असतात: मुलाचे वजन किती, काय दिले, किती दिले आणि किती वाजता.