खटका जागा आहे ना?

वाचकहो, आपल्या घरी विजेच्या मीटरजवळ खटक्यांची पेटी असते. बऱ्याच घरांत त्या पेटीत एक खटका इतरांहून रुंद असतो. त्यावर एक लहान बटण असते व बटणापाशी इंग्रजी ‘टी’ अक्षर असते. वायरमन त्याला ई.एल.सी.बी. किंवा आर.सी.सी.बी. म्हणतात. आपण त्याला गळतीचा खटका म्हणू.

आमच्या आळीत आम्ही काही घरी विचारले, “हे बटण शेवटचे कधी दाबले?” उत्तर बहुधा एकच. “फिटिंग झाल्यापासून हात लावला नाही, गुरुजी. दिवे लागतात ना!” दिवे लागतात हे खरे. पण खटका आतून अडकला असला तरी दिवे लागतातच.

हा खटका करतो काय? वीज एका तारेने घरात येते आणि दुसरीने परत जाते. जितकी आली तितकी परत गेली पाहिजे. दोन्ही तारा खटक्यातल्या एका कड्यातून जातात. तेथे येण्याजाण्याचा हिशेब होतो. समजा, पाणी तापवायचा रॉड बिघडला आणि कोणी ओल्या हाताने त्या बादलीला शिवले. थोडी वीज शरीरातून जमिनीत जाते. तितकी परत येत नाही. हिशेब चुकला की खटका खाली पडतो आणि वीज बंद होते.

माणसाच्या रक्षणाच्या खटक्यावर ३० मिलिअँपिअर असे लिहिलेले असते. ६० वॅटचा दिवा सुमारे २६० मिलिअँपिअर करंट घेतो. म्हणजे त्याच्या नवव्या हिश्श्याएवढी गळतीही हा खटका पकडतो. १६ अँपिअरचा साधा खटका येथे कामाचा नाही. त्याला १६,००० मिलिअँपिअरपर्यंत काहीच वावगे वाटत नाही. माणूस त्याच्या कितीतरी आधी दगावतो.

शरीर किती करंट सोसते, याचा अभ्यास अमेरिकेतील प्राध्यापक चार्ल्स डॅलझिल यांनी केला. १९६१ साली त्यांनी तिकडच्या घरांसाठी असे साधन तयार केले. तेथील साधन तर ४ ते ६ मिलिअँपिअरलाच वीज तोडते.

आता परीक्षा कशी घ्यायची ते पहा. वीज चालू असावी. हात कोरडे असावेत. टी.व्ही., संगणक आधी बंद करा. मग बटण दाबून लगेच सोडा. खट्‌ आवाज होऊन खटका पडला पाहिजे आणि घरातली वीज गेली पाहिजे. मग खटका वर करा. झाले काम!

बटण दाबूनही खटका पडला नाही तर? पुन्हा पुन्हा दाबत बसू नका. वायरमन बोलवा आणि खटका बदलून घ्या. धूळ, ओल, गंज यांनी आतले भाग अडकतात. बरीच वर्षे न हललेला खटका ऐन वेळी हलेलच असे नाही. पावसाळ्यात जवळपास वीज कोसळली, तर दुसऱ्या दिवशी बटण जरूर दाबून पहा.

काहीजण म्हणतात, “सारखा पडतो, काढूनच टाका!” असे कधी करू नये. सारखा पडतो म्हणजे कोठेतरी गळती आहे. कुत्रा भुंकतो म्हणून कोणी कुत्र्याला हाकलून चोराला घरात घेत नाही.

बटण सगळेच सांगत नाही, हेही समजून घ्या. अर्थिंगची तार तुटली असली तरी बटणाने खटका पडतो. म्हणून अर्थिंग वायरमनकडून वेगळे तपासून घ्यावे. खटका ०.३ सेकंदाच्या आत पडतो की नाही, हेही तो यंत्राने मोजू शकतो. शिवाय कोरड्या फळीवर उभे राहून कोणी दोन्ही तारा दोन हातांनी धरल्या, तर हिशेब बरोबरच राहतो. तेथे हा खटका वाचवत नाही.

अमावास्येला आपण ट्रॅक्टरला लिंबू बांधतो. त्याच दिवशी हे बटणही दाबावे. म्हणजे विसर पडणार नाही.

ध्यानात ठेवा :
१. महिन्यातून एकदा बटण दाबा.
२. खटका पडला नाही तर बदला.
३. सारखा पडला तर गळती शोधा.
४. खटका असला तरी रॉड बंद करून, पिन काढूनच पाण्याला हात लावा.