नापास नेमके कोण?

खास प्रतिनिधी, मुंबई

पाचवीचा निकाल लागतो तेव्हा गुणपत्रिकेवर नाव एकट्या विद्यार्थ्याचे असते. आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात न ठेवण्याची तरतूद २०१९ मधील कायदादुरुस्तीने शिथिल झाली. पाचवी व आठवीच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्याला पूरक मार्गदर्शन आणि दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी मिळते. तीही हुकली, तर त्याला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना आहे. महाराष्ट्रानेही ती स्वीकारली.

मात्र मूल मागे पडते ते पाचवीच्या कितीतरी आधी. ग्रामीण भारतात तिसरीतील जेमतेम २७ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, असे 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत आढळले. मग उत्तर कोणी द्यायचे?

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ही जबाबदारी वाटून दिली आहे.

शिक्षक : वेळेवर हजर राहणे, अभ्यासक्रम पूर्ण करणे, प्रत्येक मुलाची कुवत पाहून जादा शिकवणे आणि पालकांशी नियमित बोलणे हे त्यांचे कर्तव्य.

शासन आणि स्थानिक संस्था : पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक हवेत. सरकारी व पालिका शाळांत मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून अधिक पदे रिक्त राहता कामा नयेत. जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत.

पालक : मुलाला शाळेत घालणे एवढ्यावर त्यांचे काम संपत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. शाळेच्या कामकाजावर आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे ही या समितीची कामे.

या साखळीतील एक कडी निखळली, की बाकीच्या सैल होतात. पद रिक्त राहिले की एका शिक्षकाकडे दोन वर्ग येतात. दोन वर्ग सांभाळताना मागे पडलेल्या मुलाकडे लक्ष राहत नाही आणि पालकांना ते कळते थेट निकालाच्या दिवशी. समितीने हे आधीच विचारायला हवे. पण बैठक दुपारी ठेवली, तर हातावर पोट असलेल्या पालकाला त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. मग समिती उरते ती ठरावावरील सह्यांपुरती. बैठकीची वेळ पालकांच्या सोयीने ठरवण्यास निधी लागत नाही.

मुलाला मागे ठेवण्याआधी वर्षभर शिक्षक होता का, जादा तास झाले का, पालकांना वेळीच सांगितले का, या प्रश्नांची उत्तरे समितीसमोर यायला हवीत. त्याशिवाय दिलेला 'अनुत्तीर्ण' हा शेरा मोठ्यांच्या चुकीची शिक्षा मुलाला देणारा ठरेल.