अंगणातलं स्मोक्ड पोर्क

सुट्टीला लाखांदूरला घरी जाताय? मग नागपूरहून पोर्क लॉइन बर्फात पॅक करून न्या. फ्लॅटमध्ये धूर केला की अख्खी सोसायटी नाक मुरडते. इथे अंगण आहे, आंब्याची सुकी लाकडं आहेत. गोव्याच्या चोरिसात भरपूर चरबी असते, लॉइनमध्ये जवळपास नाहीच. म्हणूनच ते वातड होतं. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ घालून लॉइन रात्रभर फ्रिजमध्ये बुडवून ठेवा. निखारे एका बाजूला, मांस दुसऱ्या, वर झाकण. आतलं तापमान ६३ अंश सेल्सिअस झालं की उतरवा, ३ मिनिटं थांबा. (अमेरिकी कृषी खात्याने २०११मध्ये हा आकडा ७१वरून खाली आणला.) इथे अंदाजपंचे नको, बॉस! कच्च्या पोर्कमधून पट्टकृमी पोटात जातो, तेव्हा प्रोब थर्मामीटर हवाच. सोबत गरम भात आणि ठेचा.