जिल डँडोचा खून: तर्क पोतंभर, पुरावा चिमूटभर

२६ एप्रिल १९९९, सोमवार. लंडनच्या फुलम भागातला गॉवन अव्हेन्यू हा एकमेकींना खेटून असलेल्या घरांचा साधा रहिवासी रस्ता. सकाळी साडेअकराच्या सुमारास जिल डँडोने २९ नंबरच्या घराजवळ गाडी लावली, फाटक उघडून आत गेली आणि दारापर्यंत पोचली. तिथेच कुणीतरी तिच्या डोक्याला पिस्तूल टेकवून एक गोळी झाडली. दहा-पंधरा मिनिटांनी एका शेजारणीला ती दारात पडलेली दिसली. दुपारी एकनंतर चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी तिला मृत घोषित केलं. ती ३७ वर्षांची होती आणि सप्टेंबरमध्ये तिचं लग्न व्हायचं होतं.

ब्रिटनमध्ये ती घराघरांत ओळखली जाई. वेस्टन-सुपर-मेअर या समुद्रकाठच्या गावात स्थानिक वृत्तपत्राची वार्ताहर म्हणून तिने सुरुवात केली, मग रेडिओ, मग बीबीसीच्या बातम्या, प्रवासावरचा ‘हॉलिडे’ कार्यक्रम आणि १९९५पासून ‘क्राइमवॉच’. न उलगडलेल्या गुन्ह्यांचं नाट्यरूपांतर दाखवून प्रेक्षकांना माहिती कळवायचं आवाहन करणारा हा कार्यक्रम. १८ मे १९९९ रोजी याच कार्यक्रमाने तिच्या स्वतःच्या खुनाबद्दल आवाहन केलं. ज्या खुर्चीत बसून ती इतरांच्या खुन्यांचा माग काढायला मदत मागत असे, तिथून तिचा सहकारी निक रॉस तिच्याविषयी बोलत होता. हे दृश्य पाहिलेली पिढी हा खून विसरलेली नाही, आणि तेव्हापासून तर्कांना खळ पडलेला नाही.

माणूस जितका मोठा तितकं त्याच्या मृत्यूचं कारणही मोठं असणार, असं आपल्याला मनापासून वाटतं. म्हणून या खुनामागे परकं सरकार आलं, माफिया आला, दडपलेलं गुपित आलं. यातलं काय टिकतं हे ठरवायचं तर घटनास्थळी खरोखर काय सापडलं तिथपासून सुरुवात करायला हवी.

सापडल्या दोन गोष्टी: एक गोळी आणि तिची रिकामी पुंगळी. काडतूस नऊ मिलिमीटर शॉर्ट जातीचं होतं. चांगल्या पिस्तुलाच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात आणि बाहेर पडणाऱ्या गोळीवर त्यांचे ओरखडे उमटतात. या गोळीवर तसे ओरखडे नव्हते. म्हणजे नळी आतून गुळगुळीत होती. हत्यार कारखान्यातून जसं निघालं तसं नव्हतं. निकामी केलेलं पिस्तूल पुन्हा चालू केलेलं, किंवा नुसता बार काढणारं खेळातलं पिस्तूल खऱ्या गोळीसाठी बदललेलं, असा तज्ज्ञांचा अंदाज. पुंगळीच्या काठावर हाताने ठोकून केलेल्या बारीक खुणाही होत्या. गोळी पुंगळीत घट्ट बसावी म्हणून कुणीतरी त्या काडतुसावर बसून काम केलं होतं. १९९६ साली डनब्लेनच्या शाळेत झालेल्या गोळीबारानंतर ब्रिटनने पिस्तुलांवर जवळजवळ सरसकट बंदी घातली होती. त्यामुळे असं घरगुती दुरुस्तीचं हत्यार तिथे अगदीच दुर्मीळ नव्हतं.

आता सगळ्यांत लोकप्रिय समजाकडे वळू: हे काम सुपारी घेतलेल्या सराईत मारेकऱ्याचं. एकच गोळी, तीही डोक्यात, दिवसाउजेडी, आणि मारेकरी शांतपणे चालत निघून गेला. मग दुसरं कोण असणार? सुरुवातीला पोलिसांनीही याच दिशेने विचार केला. पण पैसे घेऊन खून करणारा माणूस सहसा भरवशाचं हत्यार वापरतो, हाताने जुळवलेलं नाही. तो पळून जायची सोय करून येतो. इथे शेजाऱ्यांनी एका माणसाला पायी फुलम पॅलेस रोडच्या दिशेने जाताना पाहिलं. आणि पुंगळी जागेवरच पडलेली होती.

शिवाय एक मुद्दा फार कमी वेळा बोलला जातो. जिल त्या घरात राहतच नव्हती. ती बहुतेक वेळ नियोजित पती ॲलन फार्दिंग यांच्या चिझिकच्या घरी असे. गॉवन अव्हेन्यूचं घर तिने विकायला काढलं होतं आणि तिथे अधूनमधून टपाल-फॅक्स पाहायला ती डोकावे. त्या सकाळी वाटेत हॅमरस्मिथला तिने खरेदी केली. तिथल्या सीसीटीव्ही चित्रणात ती दिसते. तिच्या मागावर असलेला माणूस पोलिसांना त्यात सापडला नाही. मग ती त्या दिवशी, त्या वेळी तिथे येणार हे मारेकऱ्याला कसं कळलं? सुपारीच्या तर्कापुढे हा प्रश्न आजही उभा आहे. एवढं मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवं, की तिच्या वाटेवर डोळा ठेवून बसलेल्या एकांड्या माणसाच्या तर्कालाही याचं उत्तर सोपं नाही.

सुपारीच्या तर्काच्याच जोडीला ‘सायलेन्सर’ येतो. कुणी धड गोळीचा आवाज ऐकला नाही, म्हणजे पिस्तुलाला सायलेन्सर असणार, असा हिशेब. पण त्यासाठी सायलेन्सर लागत नाही. नळी थेट डोक्याला टेकवून गोळी झाडली की स्फोटाचा वायू आणि आवाज बराचसा तिथेच कोंडला जातो. शेजाऱ्याने ऐकली ती एक दचकलेली किंकाळी.

सर्बियाचा तर्क यापेक्षा वजनदार आहे आणि तो हसण्यावारी नेणं बरोबर नाही. कोसोव्होवरून नाटोचं सर्बियाशी युद्ध चालू होतं. ६ एप्रिलला जिलने टीव्हीवरून कोसोव्होच्या निर्वासितांसाठी मदतीचं आवाहन केलं. २३ एप्रिलच्या पहाटे नाटोच्या विमानांनी बेलग्रेडमधल्या सर्बियन सरकारी टीव्हीच्या इमारतीवर हल्ला केला. १६ कर्मचारी मेले. तीन दिवसांनी ब्रिटिश टीव्हीचा लाडका चेहरा मारला गेला. त्याआधी ११ एप्रिलला बेलग्रेडमध्ये स्लाव्को चुरुविया या सरकारविरोधी पत्रकाराला त्याच्या घराबाहेर गोळ्या घातल्या होत्या. बीबीसीला जबाबदारी घेणारा फोनही आला. पहिल्या खटल्यात बचावाचे वकील मायकल मॅन्सफिल्ड यांनी हा तर्क न्यायालयात मांडला.

पण तारखा शेजारी-शेजारी आल्या म्हणून एकीतून दुसरी निघाली, असं होत नाही. टीव्ही इमारतीचा सूड म्हणावा तर परदेशात माणूस पाठवायला, पत्ता काढायला आणि क्वचितच घरी येणाऱ्या बाईला नेमकं गाठायला तीनच दिवस मिळाले. चुरुवियाला अनेक गोळ्या घालण्यात आल्या. त्या पद्धतीत आणि इथल्या एका गोळीत साम्य आहे ते फक्त ‘घराबाहेर’ एवढंच. आणि अशा गाजलेल्या खुनानंतर पोलिसांना आणि वाहिन्यांना निनावी फोन येतातच. तर्क अशक्य नाही. पण त्याला जोडणारा एकही भौतिक पुरावा आजवर पुढे आलेला नाही, आणि तो मांडताना हे वाक्य वगळलं जातं तिथे गल्लत होते.

‘क्राइमवॉच’मुळे तुरुंगात गेलेल्या कुणीतरी सूड उगवला, हा तर्क ऐकायला सर्वांत स्वाभाविक. पण गुन्हेगाराला पकडतात पोलीस, आणि त्याच्याविरुद्ध बोलतात साक्षीदार. निवेदिकेवर राग काढून हाती काय लागणार? हा कार्यक्रम १९८४पासून चालू होता, त्याच्या दुसऱ्या कुठल्याही निवेदकाचा खून झाला नाही. पोलिसांनी या दिशेने तपास केला, हाती काही आलं नाही. बीबीसीमधलं बालशोषणाचं प्रकरण ती उघड करणार होती म्हणून तिला संपवलं, ही गोष्ट तर खुनानंतर कित्येक वर्षांनी, बीबीसीचाच निवेदक जिमी सॅव्हिल याची कृत्यं बाहेर आल्यावर पसरली. या गोष्टीला आधार देणारं काही समोर आलेलं नाही.

आणि आता बॅरी जॉर्ज. इथला गैरसमज सर्वांत जास्त नुकसान करणारा, कारण तो एका जिवंत माणसाविषयी आहे. ‘खुनी सापडला होता, पण कायद्याच्या पळवाटेने सुटला,’ असं आजही बोललं जातं.

जॉर्ज गॉवन अव्हेन्यूपासून अर्ध्या किलोमीटरवर राहत असे. त्याला गंभीर अपस्मार होता, बुद्ध्यांक कमी होता, आधीच्या गुन्ह्याची शिक्षा झालेली होती आणि प्रसिद्ध माणसांचं त्याला वेड होतं. गायक फ्रेडी मर्क्युरीचा आपण नातेवाईक आहोत असं तो सांगे आणि त्याचं मूळ आडनाव बलसारा लावून फिरे. हा तोच बलसारा, ज्याचं शालेय शिक्षण आपल्या पाचगणीत झालं. असा एकटा, विचित्र वागणारा माणूस संशयाच्या चौकटीत चटकन बसतो. मे २००० मध्ये त्याला अटक झाली आणि जुलै २००१ मध्ये ज्युरीने बहुमताने दोषी ठरवल्यावर जन्मठेप झाली.

त्याच्याविरुद्ध होतं काय? मारेकऱ्याला पाहणाऱ्या दोन शेजाऱ्यांपैकी एकानेही ओळख परेडमध्ये त्याला ओळखलं नाही. ज्या एका साक्षीदार बाईने खात्रीने ओळखलं, तिने पाहिलेला माणूस सकाळी सातच्या सुमारास रस्त्यावर होता, खुनाच्या चार तासांहून अधिक आधी. हत्यार सापडलंच नाही. उरला त्याच्या कोटाच्या खिशात मिळालेला बंदुकीच्या दारूचा एक कण. तोही मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा, डोळ्यांना न दिसणारा. आणि कोट जप्त झाला होता खुनानंतर जवळजवळ वर्षाने.

हा कण काय सांगतो हे समजून घेणं म्हणजे सगळं प्रकरण समजून घेणं. ‘दारूचा कण सापडला’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येतं, ‘म्हणजे त्याने गोळी झाडली.’ पण शास्त्राला दोन प्रश्न विचारावे लागतात. त्याने वर्षापूर्वी गोळी झाडली असती तर आज असा एखादा कण मिळण्याची शक्यता किती? आणि त्याने कधीच गोळी झाडली नसती, कण कुठून तरी चुकून चिकटला असता, तर ती किती? हत्यारबंद पोलिसांचा सहवास, पोलिसांच्या गाड्या, साठवणीची जागा, कण अंगाला लागायला निमित्तं अनेक. पुढे ब्रिटनच्या न्यायवैद्यक सेवेने हिशेब मांडला तो असा: दोन्ही परिस्थितींत शक्यता सारखीच, शंभरात एक. दोन्हींत काहीच न सापडण्याची शक्यता शंभरात नव्व्याण्णव. म्हणजे तराजूच्या दोन्ही पारड्यांत एकाच वजनाचं माप टाकावं तसं झालं; काटा हलला नाही. पहिल्या ज्युरीला हे असं स्पष्ट करून कुणी सांगितलं नव्हतं.

२००२ चं त्याचं अपील फेटाळलं गेलं होतं. पुढे चुकीच्या शिक्षा तपासणाऱ्या आयोगाने हे प्रकरण पुन्हा अपील न्यायालयाकडे पाठवलं आणि नोव्हेंबर २००७ मध्ये शिक्षा रद्द झाली. पण न्यायालयाने त्याला तिथूनच घरी पाठवलं नाही. फेरखटला चालवायला सांगितलं. २००८ च्या उन्हाळ्यात नव्या ज्युरीसमोर, कणाचा पुरावा वगळून, सगळं पुन्हा तपासलं गेलं आणि १ ऑगस्टला ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं. तांत्रिक मुद्द्यावर सुटणं याला म्हणत नाहीत. आठ वर्षं तो कोठडीत होता.

या निकालाचा उलटा अर्थही काढला जातो: तो सुटला, म्हणजे सर्बियाचा किंवा सुपारीचा तर्क खरा ठरला. तसंही नाही. फेरखटल्याने ठरवलं ते एवढंच, की जॉर्जचा अपराध सिद्ध झाला नाही. बाकीचे तर्क १९९९ मध्ये जितके पुराव्याविना होते तितकेच आजही आहेत.

पोलिसांनी काही केलंच नाही, हाही आरोप टिकत नाही. ‘ऑपरेशन ऑक्सबरो’ नावाने चाललेल्या तपासात अडीच हजारांहून जास्त लोकांशी बोलणं झालं. पोलिसांच्या वाट्याला आलेली अडचण पहिल्याच तासातली होती. रुग्णवाहिकेचे कर्मचारी तिचा जीव वाचवायची धडपड करत होते. त्यात तिला हलवावं लागलं आणि दारातल्या त्या चिमुकल्या जागेतले माग विस्कटले. त्यांनी केलं ते योग्यच होतं, पण तपासाची किंमत तिथेच मोजली गेली.

इंग्लंडमध्ये खुनाच्या खटल्याला कालमर्यादा नाही. त्यामुळे उद्या कुणी नवं नाव घेऊन पुढे आलं तर त्याला जुन्याच प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतील: गुळगुळीत नळीचं ते पिस्तूल या माणसाकडे कुठून आलं, पुंगळीवरच्या खुणा कोणत्या अवजाराने उमटल्या, आणि त्या सोमवारी जिल तिथे येणार हे त्याला कसं माहीत होतं. पुराव्याविना एकदा नाव जोडलं गेलं की ते सहज सुटत नाही: जॉर्जने नुकसानभरपाई मागितली, तेव्हा नियमानुसार त्याला आपण निर्दोष असल्याचंच जणू सिद्ध करावं लागणार होतं. जानेवारी २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने त्याची मागणी फेटाळली.