रक्ताचा हिशेब (५) : गोळी तीच, गुण वेगळा

मागच्या आठवड्यात आपण फिलाडेल्फिया गुणसूत्रापाशी थांबलो होतो. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, त्यातून बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होतं आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. हाच सीएमएल, म्हणजे रेंगाळत वाढणारा रक्ताचा कर्करोग. २००१ साली त्यावर इमॅटिनिब आली. ‘ग्लिव्हेक’ नावाने ती महिन्याला लाखाच्या वर पडायची. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने पेटंटला हरकत घेतली, १ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेक बनवणाऱ्या नोव्हार्टिसचं अपील फेटाळलं आणि देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळीची वाट मोकळी राहिली.

टाटा रुग्णालयातून नगरकडे परतणारे दोन पेशंट गाडीत शेजारी आले की पहिला प्रश्न ठरलेला, ‘तुमचं किती आलं?’ वर्षभरात बीसीआर-एबीएल ०.१ टक्क्यापर्यंत उतरावं, ही अपेक्षा. एकाचं उतरतं, दुसऱ्याचं अडकतं. गोळी तीच, डोसही तोच.

दोष जनुकाचा का? कधी कधी, हो. पण कुठल्या जनुकाचा, ते बघू. काही फरक जन्मतःच असतात. ओसीटी-१ हे प्रथिन औषध पेशीत आत घेतं, एबीसीबी-१च्या जनुकातून बनणारं प्रथिन ते बाहेर ढकलतं. यांच्या जनुकांतल्या फरकांवर बरेच अभ्यास झाले; एक म्हणतो परिणाम होतो, दुसरा म्हणतो नाही. नुसत्या या चाचण्यांसाठी खिसा रिकामा करू नये, असं माझं मत.

दुसरे फरक फक्त कर्करोगाच्या पेशींत, नंतर घडतात. त्यांतला सर्वांत हट्टी टी-३१५-आय. एबीएल प्रथिनात ३१५व्या जागी थ्रिओनिन असतं, तिथे आयसोल्युसिन येतं. एवढ्या एका बदलाने इमॅटिनिबला बसायला जागाच उरत नाही. डॅसॅटिनिब, निलोटिनिबही चालत नाहीत, पोनॅटिनिबसारखं औषध लागतं. या बदलाची चाचणी मात्र, आकडा चढू लागला की, करायलाच हवी. हा बदल मुलांत उतरत नाही, मूळचं बीसीआर-एबीएलही नाही. तेव्हा सोयरीक जुळवताना लपवण्यासारखं यात काहीच नाही.

पण जनुकाला बोल लावण्याआधी डबी उघडून बघा. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ८७ रुग्णांच्या बाटल्यांच्या झाकणात चिप बसवली होती. झाकण कधी उघडलं, त्याची नोंद ती ठेवायची. २०१०च्या निष्कर्षांत ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना उत्तम गुण आला होता. त्याहून कमी घेणाऱ्यांत तो तिसऱ्या हिश्शालाही आला नाही.

९० टक्के म्हणजे किती? ही गोळी भरल्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची, उपाशीपोटी मळमळतं. म्हणून उपवासाला ती ‘उद्या घेऊ’ होते. महिन्यात दोन एकादशा आणि एक संकष्टी. तीस गोळ्यांतल्या तीन गेल्या, म्हणजे दहा टक्के तिथेच संपले. आणि हे डॉक्टरांना कोणी सांगत नाही, कारण ते विचारतात, ‘गोळ्या चालू आहेत ना?’ आणि आपण म्हणतो, ‘हो.’

पुढच्या खेपेला फाइलीबरोबर उरलेल्या गोळ्यांची डबीही पिशवीत टाका आणि डॉक्टरांसमोर मोजा.