जोसेफ चेंबरलेन : स्क्रूच्या नफ्यावर उभे राहिलेले राजकारण

पेढीवरून सभागृहात – भाग ६

म्युनिकला हिटलरशी करार करून छत्रीसह मायदेशी परतलेला चेंबरलेन आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असतो. तो नेव्हिल. आज बोलायचे आहे ते त्याच्या वडिलांविषयी. गेल्या आठवड्यात आपण नाना शंकरशेटांची हकिकत पाहिली. नानांना मुंबईच्या कायदेमंडळात जागा मिळाली ती १८६२ मध्ये, आणि तीही सरकारी नेमणुकीने. जोसेफ चेंबरलेन त्यांच्याहून बराच लहान, पण त्याला मतदारांपुढे जाऊन निवडून यायची सोय होती. त्या सोयीचा त्याने पुरेपूर फायदा घेतला.

जन्म १८३६ चा, लंडनमधला. घरचा धंदा पादत्राणांचा. घराणे युनिटेरियन पंथाचे, म्हणजे सरकारमान्य चर्चच्या बाहेरचे. अशा घरातल्या मुलाला ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी तेव्हा मिळत नसे. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि जोसेफ वडिलांच्या हाताखाली कामाला लागला. १८५४ मध्ये वडिलांनी त्याला बर्मिंगहॅमला धाडले. त्यामागे एक सौदा होता.

जोसेफच्या आत्याचे यजमान जॉन सटन नेटलफोल्ड बर्मिंगहॅमला लाकडी कामाचे स्क्रू बनवत. तोवरचा स्क्रू टोकाला बोथट असे. सुताराने आधी गिरमिटाने पुरते भोक पाडायचे आणि मग तो पिळून बसवायचा. अमेरिकेत मात्र टोकदार स्क्रू आपोआप कापून काढणारे यंत्र निघाले होते. ते ब्रिटनमध्ये चालवायचे हक्क आणि नवा कारखाना यांसाठी तीस हजार पौंड हवे होते. त्यातले दहा हजार चेंबरलेन घराण्याने घातले, आणि घातलेल्या पैशावर लक्ष ठेवायला अठरा वर्षांचा मुलगा पाठवून दिला.

कारखान्यातली यंत्रे आतेभावाने पाहायची आणि हिशेब-विक्री जोसेफने, अशी वाटणी झाली. भांडवल मोठे आणि यंत्र नवे, त्यामुळे भाव पाडणे या पेढीला परवडे. शेजारचा लहान कारखानदार टिकत नसे; मग एक तर तो बंद पडे, नाही तर तोच विकत घेतला जाई. इंग्लंडात तयार होणाऱ्या धातूच्या स्क्रूंपैकी सुमारे दोनतृतीयांश माल एकट्या नेटलफोल्ड आणि चेंबरलेन यांचा, इथवर मजल गेली. पुढे विरोधकांनी त्याला या बुडालेल्या लहान कारखानदारांवरून पुष्कळ टोचले आणि ते अगदीच खोटे नव्हते. १८७४ मध्ये चेंबरलेन मंडळींनी आपला भाग विकला. जोसेफच्या वाट्याला सुमारे १,२०,००० पौंड आले. वय अडतीस, आणि जन्मभर पुन्हा कमवायची गरज नाही.

तोवर तो बर्मिंगहॅमचा महापौर झालेलाही होता. १८६९ मध्ये नगर परिषदेत शिरला, नोव्हेंबर १८७३ मध्ये महापौर, आणि मग लागोपाठ आणखी दोनदा. या परिषदेचा पूर्वीचा लौकिक काही फार चांगला नव्हता. मागच्या पिढीतले सभासद 'वुडमन' नावाच्या गुत्त्यात जमून शहराचा कारभार ठरवत, आणि त्या कारभाराचे धोरण एकच : घरपट्टी वाढू द्यायची नाही. दुकानदार मंडळी खूश असत. गटारे तुंबत आणि विहिरींचे पाणी सडत असे, ते वेगळे.

पट्टी वाढवल्यावाचून पैसा आणायचा कुठून? चेंबरलेनचे उत्तर धंदेवाल्याचे होते. शहरात दिव्यांसाठी गॅस पुरवणाऱ्या दोन खासगी कंपन्या होत्या. गिऱ्हाईक तेच, गाव तेच, नळ मात्र दोघींचे वेगळे. रस्ते दोघीही खणणार. त्याने दोन्ही कंपन्या नगरपालिकेसाठी विकत घ्यायचा ठराव मांडला. किंमत जवळजवळ वीस लाख पौंड. नगरपालिका आधीच कर्जात होती, त्यामुळे आकडा ऐकून सभासद दचकले असल्यास नवल नाही. पण नगरपालिकेला स्वस्त व्याजाने कर्ज मिळते, आणि एकाधिकार असलेला धंदा बुडत नाही, हे हिशेब तो वीस वर्षे करत आला होता. पहिल्याच वर्षी ३४,००० पौंड नफा झाला. पुढे गॅसचे दरही उतरले.

पाण्याच्या बाबतीत मात्र त्याने नेमके उलटे सांगितले. पाणीपुरवठ्याची कंपनी साडेतेरा लाख पौंडांना घेतली आणि तिच्यातून नफा काढायचा नाही असे ठरवले. श्रीमंताच्या दिवाणखान्यातला दिवा जास्त जळला तर त्याचे पैसे शहराने खुशाल घ्यावेत. पण गरिबाने पाणी कमी वापरले तर साथ साऱ्या गावात पसरते, म्हणून पाणी जितके स्वस्त तितके बरे. आपल्याकडे पाणीपट्टीवरून भांडणाऱ्यांनी आणि ती ठरवणाऱ्यांनीही हा भेद एकदा नीट वाचावा असे मला फार वाटते.

गॅसच्या पैशाची गंमत अजून पुढे आहे. शहराला कलासंग्रहालय हवे होते, पण कायद्याने त्यावर किती पट्टी खर्च करायची याला मर्यादा. गॅस खात्याला मात्र कचेरी बांधायला कोण अडवणार? तेव्हा खात्याने आपल्यासाठी इमारत बांधली आणि तिच्या वरच्या मजल्यावर चित्रे टांगली. १८८५ मध्ये उघडलेले ते संग्रहालय आजही बर्मिंगहॅमच्या मध्यावर उभे आहे.

तिसरे काम वादाचे. १८७५ चा नवा कायदा हाताशी धरून नगरपालिकेने शहराच्या पोटातली दाट वस्ती विकत घेतली, पाडली आणि कॉर्पोरेशन स्ट्रीट हा रुंद रस्ता काढला. दुतर्फा जमीन ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दुकानदारांना दिली. मुदत संपली की जमीन पुन्हा शहराची. व्यवहार चोख होता यात शंका नाही. पण घरे पाडली गेली त्या मजुरांसाठी नवी घरे जवळजवळ बांधलीच गेली नाहीत. ते शेजारच्या वस्त्यांत जाऊन दाटले. मुंबईच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको.

१८७६ मध्ये तो पार्लमेंटात गेला. १८८० मध्ये व्यापार खात्याचा मंत्री झाला, दिवाळखोरी आणि पेटंटचे कायदे सुधारले. १८८६ मध्ये ग्लॅडस्टन आयर्लंडला स्वराज्य द्यायला निघाले तेव्हा त्याने राजीनामा दिला आणि लिबरल पक्ष फुटला. कालचा जहाल सुधारक बघता बघता काँझर्व्हेटिव्हांच्या पंगतीला बसला. १८९५ मध्ये मोठी खाती मिळण्याजोगी असताना त्याने आपण होऊन वसाहत खाते मागून घेतले.

इथे त्याची बुद्धी फसली असे माझे मत आहे. विखुरलेल्या गॅस कंपन्या एकत्र करून त्याने नफा मिळवला. विखुरलेल्या वसाहतींचेही तसेच करता येईल असे त्याला वाटले. दक्षिण आफ्रिकेतले बोअर लोक काही भाव पाडून दमणारे प्रतिस्पर्धी नव्हते. १८९९ ते १९०२ असे युद्ध चालले.

युद्ध संपल्यावर तो त्या मुलखाच्या दौऱ्यावर गेला. गांधीजी तेव्हा मुंबईत वकिलीचा जम बसवत होते. गिरगावातून सांताक्रूझच्या बंगल्यात नुकतेच राहायला गेले होते. चेंबरलेन येत आहेत, ताबडतोब या, अशी आफ्रिकेहून तार आली आणि ते निघाले. डर्बनला हिंदी लोकांचे शिष्टमंडळ घेऊन ते भेटले. चेंबरलेनने थंडपणे ऐकून घेतले आणि सांगितले की स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या वसाहतींवर आमचा फारसा ताबा चालत नाही. प्रिटोरियाच्या शिष्टमंडळातून तर अधिकाऱ्यांनी गांधीजींना वगळलेच. वर्षभरात परतायच्या हिशेबाने गेलेले गांधीजी मग १९१४ पर्यंत तिथेच गुंतले.

१९०३ मध्ये चेंबरलेनने शेवटचा डाव टाकला : साम्राज्याबाहेरच्या मालावर जकात बसवायची आणि वसाहतींना सवलत द्यायची. त्यासाठी मंत्रिपद सोडून गावोगाव सभा घेतल्या. पण परदेशी गव्हावर जकात म्हणजे पाव महाग, एवढे मतदाराला बरोबर कळले. १९०६ च्या निवडणुकीत त्याच्या बाजूचा धुव्वा उडाला. त्याच जुलैत सत्तरी साजरी झाली आणि पाठोपाठ अर्धांगाचा झटका आला. त्यातून तो सावरला नाही; २ जुलै १९१४ रोजी वारला.

देशभर धूळधाण उडालेल्या त्या १९०६ च्या निवडणुकीत बर्मिंगहॅमच्या मतदारांनी मात्र आपल्या सातही जागा त्याच्याच बाजूला दिल्या होत्या.

(पुढील आठवड्यात : लंडनमध्ये पेढी काढणारे आणि १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून निवडून येणारे दादाभाई नौरोजी.)