सोलो रोड ट्रिपला निघताय? मग एक दिवस गाडी उभी ठेवायलाही शिका!

पनवेलहून निघायचं आणि राष्ट्रीय महामार्ग ६६ धरून कोकण, गोवा, कारवार, मंगळुरू, कोची करत थेट कन्याकुमारी गाठायची. एका बाजूचं अंतर साधारण १,६०० किलोमीटर. अनेक मराठी रायडर्सच्या यादीत ही ट्रिप असते. रूट ठरतो, हॉटेलं ठरतात, रोजचे किलोमीटर ठरतात. पण या प्लॅनमध्ये एक गोष्ट बहुतेक वेळा नसते. ती म्हणजे सुट्टीचा दिवस.

"फिरायलाच तर निघालोय, त्यात आणखी सुट्टी कशाला?" असं तुम्हाला वाटेल. त्याचंच उत्तर समजून घेऊ.

ड्रायव्हरला सुट्टी, मग तुम्हाला का नाही?

गाडी चालवणं हे थकवणारं काम आहे, हे आपल्या कायद्याने फार पूर्वीच मान्य केलं. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ड्रायव्हरसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. सलग ५ तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी, हेही त्यात आलं.

हे पोट भरण्यासाठी रोज गाडी चालवणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही तर वर्षभर ऑफिसात बसून एकदम रोज ३०० किलोमीटर चालवायला निघता. पण सोलो ट्रिपमध्ये तुमचे मालकही तुम्हीच आणि ड्रायव्हरही तुम्हीच. सुट्टी दुसरं कुणी देणार नाही.

थकवा नेमकं काय करतो?

सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया किती मंदावते, हे संशोधकांनी तपासलं आहे. १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी ती मंदावू शकते. भारतात गाडी चालवताना कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे एक थेंबही न पिता तुम्ही त्या अवस्थेत असू शकता, आणि नाक्यावरच्या पोलिसाच्या मशिनला ते कळणारही नाही.

दुसरा धोका डुलकीचा. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. फक्त ३ सेकंद डोळा लागला, तरी ६६ मीटर गाडी कुणीच चालवत नसतं.

शिवाय झोपेची उधारी साठत जाते. सलग चार रात्री पाच-पाच तास झोपून पाचव्या दिवशी चहावर चहा प्यायल्याने ती फिटत नाही. चहा-कॉफीने काही वेळ तरतरी येते, झोप भरून निघत नाही. मोठ्याने गाणी लावणं किंवा काच खाली करणं यावरही भरवसा ठेवू नका.

एकट्याला हे जास्त का जपायला हवं?

ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणतं, "अरे, तू झोपेत चालवतोयस, थांब." एकट्याला हे सांगणारं कुणी नसतं. त्यात दमलेल्या माणसाला आपण किती दमलोय याचा अंदाजही नीट येत नाही. म्हणून "थकलो की थांबू" हा प्लॅन चालत नाही. सुट्टी घरातून निघण्याआधीच ठरवायची.

मागचे काही किलोमीटर कसे आले ते आठवत नाही, वळण चुकतंय, गाडी लेन सोडतेय? मग ठरलेल्या सुट्टीची वाट न बघता सुरक्षित जागी लगेच थांबा.

सुट्टी कुठे आणि कशी घ्यायची?

जिथे सगळं पायी फिरता येईल असं गाव निवडा. या रूटवर रोज साधारण ३०० किलोमीटर धरले, तर तिसऱ्या दिवशी गोकर्ण येतं. महाबळेश्वराचं देऊळ, बाजार आणि समुद्रकिनारा, सगळं चालत जाण्याइतकं जवळ. तिथे दोन रात्रींचा मुक्काम करा. दुसरी सुट्टी कन्याकुमारीत, परतीच्या आधी.

त्या दिवशी एवढंच करा:

• अलार्म बंद ठेवून झोपा.
• कपडे धुवा, पोटभर जेवा, भरपूर पाणी प्या.
• गाडी थंड असताना टायरची हवा आणि ब्रेक तपासा. बाईक असेल तर चेन साफ करून ल्युब लावा.
• घरी निवांत फोन करा. एरवी "पोचलो" एवढंच सांगून ठेवलेला असतो.
• पुढच्या मुक्कामाचं बुकिंग बघून घ्या.

आणि एक करू नका. "जवळच आहे" म्हणून १०० किलोमीटरवरचा धबधबा बघायला जाऊ नका. त्याला सुट्टी म्हणत नाहीत.

रजाच मोजकी असेल तर? मग सुट्टीचा दिवस कापू नका, अंतर कापा. कन्याकुमारीऐवजी उडुपीहून परत फिरा. कन्याकुमारी कुठे पळून जात नाही, पुढच्या वर्षीही तिथेच असेल. तिथे पोचायला तुम्ही मात्र धडधाकट हवेत.